डिंग दाबल्यावर, डाँग सोडल्यावर : घरातल्या बेलचे यंत्र

बटण एकदा दाबले की डिंगडाँग बेल आपली आपण दोन स्वर वाजवते, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात तसे नसते. पुढच्या वेळी कुणाकडे जाल तेव्हा बटण दाबून दोन सेकंद तसेच धरून ठेवा. आत फक्त 'डिंग' वाजेल, आणि बोट उचलल्याशिवाय 'डाँग' वाजणार नाही. पहिला स्वर वीज वाजवते. दुसरा स्वर वीज बंद झाल्यामुळे वाजतो. ही एवढीशी गोष्ट नीट उलगडली की घरातली बेल कशी चालते, ती कशामुळे बिघडते आणि तिच्या बटणाशी खेळू नये असे का सांगतात, हे बरेचसे कळून येते.

बेल बनवणाऱ्यापुढची अडचण अशी असते की काम टिचकी मारण्याएवढे असते आणि हाती आलेली वीज मात्र पंखा, फ्रिज, गिझर चालवणारी असते. आपल्या घरात येणारा विद्युतदाब २३० व्होल्टचा असतो, तोही स्थिर नसतो. तो सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करतो, म्हणजे सेकंदात १०० वेळा शून्यावर येऊन दिशा बदलतो. शिवाय २३० ही एक प्रकारची सरासरी आहे. प्रत्येक आवर्तनाच्या शिखरावर हा दाब सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढतो. बाजारात मिळणाऱ्या बेलचे प्रकार वरवर कितीही वेगळे दिसले तरी त्यांच्यातला खरा फरक एवढाच आहे की या दांडग्या विजेला आवर घालण्याची प्रत्येकीची रीत निराळी आहे.

आधी मूळ तत्त्व पाहू. तारेतून प्रवाह वाहू लागला की तिच्याभोवती चुंबकत्व निर्माण होते, हे कोपनहेगन येथे ओर्स्टेड यांनी १८२० साली होकायंत्राची सुई हलताना पाहून जगाला सांगितले. तीच तार नळकांड्यावर शेकडो वेढ्यांनी गुंडाळली की प्रत्येक वेढ्याचे चुंबकत्व शेजारच्यात मिळत जाते आणि प्रवाह आहे तोवरच टिकणारा चुंबक तयार होतो. शालेय पुस्तके या गुंडाळीला नालकुंतल म्हणतात, वायरमन तिला कॉइल म्हणतो. मीही पुढे कॉइलच म्हणणार आहे. अमेरिकेतल्या ऑल्बनी येथील जोसेफ हेन्री यांनी १८३१ साली सुमारे एक मैलभर लांबीच्या तारेच्या एका टोकाला विजेचा घट जोडून दुसऱ्या टोकाची घंटा वाजवून दाखवली होती. विजेचा दिवा घरोघरी पोहोचायला तेव्हा कित्येक दशके बाकी होती. बटण इथे आणि घंटा तिथे ही कल्पना विजेच्या दिव्यापेक्षा जुनी आहे.

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात ज्या विद्युत घंटेची आकृती आपण काढली, ती या कल्पनेची पुढची पायरी. त्या घंटेत कॉइलसमोर लवचीक पट्टीवर लोखंडाचा तुकडा आणि त्याला जोडलेला टोला असतो. प्रवाह सुरू झाला की तुकडा कॉइलकडे ओढला जातो आणि टोला वाटीवर आपटतो. पण प्रवाह त्या पट्टीतूनच एका टेकूच्या टोकामार्गे येत असल्याने पट्टी ओढली जाताच टेकू सुटतो, प्रवाह तुटतो, चुंबकत्व जाते आणि पट्टी परत येऊन पुन्हा टेकूला चिकटते. यश मिळाले की स्वतःच्याच पायाखालची फळी काढून घेणारे हे यंत्र आहे, म्हणून तर त्याचा टणटणाट बटण सोडेपर्यंत चालू राहतो. घटांतून येणारा प्रवाह एकाच दिशेने आणि अखंड वाहत असल्याने तो तोडण्यासाठी ही युक्ती करावी लागत होती.

घरातल्या विजेला मात्र अशी युक्ती लागत नाही, कारण ती मुळातच सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते. इथे एक शंका हमखास निघते. वीज दिशा बदलते, तर एकदा ओढणे आणि एकदा ढकलणे असे का होत नाही? याचे उत्तर असे की साधे लोखंड हे कायमचे चुंबक नसते. कॉइलचे तोंड उत्तर ध्रुव झाले तर समोरच्या लोखंडात दक्षिण ध्रुव तयार होतो. कॉइलचा ध्रुव उलटला तर लोखंडाचाही उलटतो. ओढ दोन्ही वेळा एकाच बाजूला, कॉइलकडे. दिशा बदलल्याने ओढ उलटत नाही, ती फक्त सेकंदाला १०० वेळा क्षीण होऊन पुन्हा उठते. लोखंडाचा तुकडा हलका आणि त्याची पट्टी ताठ असेल तर त्या प्रत्येक मंद क्षणी तो सुटून मागे येतो, पुढच्या क्षणी पुन्हा ओढला जातो, आणि कार्यालयात साहेबाच्या टेबलावरून शिपायाला बोलावणारी ती कर्कश 'किर्रर्र' उमटते. तुकडा जड आणि त्याची स्प्रिंग नरम असेल तर सेकंदाच्या त्या शंभराव्या हिश्श्यात त्याला मागे वळायला वेळच मिळत नाही. तो एका दमात आत ओढला जातो. किर्रर्र बेल आणि डिंगडाँग बेल यांच्यातला भेद विजेचा नाही, तो असा वजनाचा आणि स्प्रिंगचा आहे.

आता डिंगडाँग बेलचे झाकण उघडून, अर्थात मेन स्विच बंद करून, आत पाहू. मध्ये प्लास्टिकच्या रिळावर गुंडाळलेली कॉइल असते. तिच्या पोकळीतून एक लोखंडी दांडा सहज सरकू शकतो; त्याच्या टोकांना प्लास्टिकच्या टोप्या असतात आणि एका बाजूला नरम स्प्रिंग असते. कॉइलच्या दोन बाजूंना दोन धातूच्या पट्ट्या टांगलेल्या किंवा खुंट्यांवर सैल बसवलेल्या असतात. विश्रांतीच्या वेळी स्प्रिंग दांड्याला थोडे बाहेर ठेवते. बटण दाबले की दांडा आत खेचला जातो, वेगाच्या भरात मध्यापलीकडे जातो आणि समोरच्या पट्टीवर आपटतो. हा झाला डिंग. बोट उचलले की ओढ संपते, दाबली गेलेली स्प्रिंग दांड्याला उलट फेकते, तोही भरात आपल्या जागेपलीकडे जाऊन मागच्या पट्टीवर आदळतो; हा डाँग.

यातल्या 'भरात पलीकडे जाण्या'ला फार महत्त्व आहे. देवळातल्या घंटेवर लोलक आपटून तसाच दाबून धरला तर नाद न घुमता 'थप्' असा आवाज येतो, हे लहानपणी प्रत्येकाने करून पाहिलेले असते. बेलचा दांडाही पट्टीला टेकून राहिला तर तोच प्रकार होईल. म्हणून दांडा जिथे स्थिरावतो ती जागा पट्टीपासून थोडी अलीकडे ठेवलेली असते. पट्टीपर्यंत तो फक्त धावण्याच्या जोरावर पोहोचतो, टोला मारतो आणि मागे येतो. बेल तिरकी बसवली, किंवा उभ्या ठेवायच्या बेलला आडवे ठेवले, की दांड्याच्या वजनामुळे हे अंतर बिघडते आणि दोनपैकी एक स्वर मरतो. रंगकाम झाल्यानंतर 'बेलचा आवाज बसला' अशी तक्रार येते तिचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

पट्ट्यांचेही एक शास्त्र आहे. तंबोऱ्याच्या तारेची लांबी निम्मी केली तर स्वर दुप्पट कंपनांचा होतो. पण दोन्ही टोके मोकळी असलेल्या धातूच्या पट्टीत कंपने लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतात, म्हणजे जाडी तीच ठेवून लांबी निम्मी केली तर कंपने चौपट होतात. त्यामुळे सा आणि ग यांच्याइतके अंतर साधायला एक पट्टी दुसरीपेक्षा सुमारे १२ टक्केच लांब असली तरी पुरते, आणि दोन स्वर एवढ्याशा डबीत मावतात. पट्टी थरथरते तेव्हा तिच्यावर दोन जागा अशा असतात की जिथे कंपन जवळजवळ नसते. त्या दोन्ही टोकांपासून लांबीच्या साधारण २२ टक्क्यांवर येतात. चांगल्या बेलमध्ये पट्टीला आधार तिथेच दिलेला असतो. कुणी हौसेने पट्टीचे स्क्रू घट्ट आवळले तर आवाज बद्द होतो, तो यामुळे.

राहिला प्रश्न असा की केसासारख्या बारीक तारेची ही कॉइल थेट २३० व्होल्टवर जोडली तरी लगेच का जळत नाही. एक कारण उघड आहे : तार बारीक आणि फार लांब असल्याने तिचा रोधच बराच असतो. दुसरे कारण अधिक रंजक आहे. कॉइलमधला प्रवाह बदलू लागला की तिचे स्वतःचे चुंबकत्वही बदलते आणि त्या बदलामुळे तिच्यात उलटा दाब उपजून ती मूळ बदलाला अडवते. घरातली वीज सतत बदलत असल्याने कॉइल तिला सतत अडवत राहते. पोकळीत लोखंड जितके अधिक, तितका हा अडथळा मोठा. म्हणजे बटण दाबल्याच्या क्षणी दांडा थोडा बाहेर असताना प्रवाह जास्त असतो, आणि दांडा आत शिरला की तो आपोआप कमी होतो.

बेल जळण्याचे मर्मही याच गोष्टीत आहे. दांडा धुळीने, गंजाने किंवा, हसू नका, आत मरून वाळलेल्या पालीमुळे अर्ध्यावर अडकला, तर अडथळा वाढतच नाही आणि प्रवाह चढाच राहतो. तापणे प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात होते, म्हणजे प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट. ही कॉइल मुळात क्षणभराच्या कामासाठी बनवलेली असते. पंख्याच्या कॉइलसारखी तासन्‌तास चालण्यासाठी नव्हे. तारेवरचे वार्निश वितळले की शेजारचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि बंद झालेल्या त्या वेढ्यांत आणखी प्रवाह फिरून उरलेली कॉइलही जळते. आमच्या घरी एका पावसाळ्यात बाहेरचे बटण ओलीमुळे फुगून दाबलेलेच राहिले. डिंग वाजला तेव्हा दार उघडले, बाहेर कुणी नव्हते, आणि डाँग आलाच नाही हे कुणाच्या ध्यानात आले नाही. मंद गुणगुण आणि अर्ध्या तासाने करपलेला वास येईपर्यंत सगळे टीव्ही बघत होतो. ती गुणगुण म्हणजे सेकंदाला १०० वेळा उठणाऱ्या ओढीने थरथरणारा दांडा. बेल गुणगुणते आहे आणि डाँग ऐकू आलेला नाही, असे झाले तर आधी मेन बंद करावा. दांडा अडकतो म्हणून त्यात खोबरेल तेल सोडणे हा उपाय मात्र वाईट, कारण तेलावर धूळ बसून चिकटा तयार होतो. दांडा कोरड्या फडक्याने पुसलेला बरा.

आता जोडणी. फेजची तार आधी बटणाकडे जाते, बटणातून बेलकडे येते, आणि बेलचे दुसरे टोक न्यूट्रलला जोडलेले असते. बटण आणि दिव्याचा स्विच यांत तत्त्वतः एकच फरक आहे, बटणातली स्प्रिंग बोट उचलताच संपर्क तोडते. फेज बटणातूनच का न्यायची, न्यूट्रल का नको, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण उलट जोडले तरी बेल वाजतेच आणि चूक कधी लक्षात येत नाही. न्यूट्रल तोडली तर बेल गप्प राहते, पण तिच्या कॉइलवर फेज चोवीस तास उभी असते. बटण दाबलेले नाही म्हणून बेल मृत आहे असे समजून झाकण उघडणाऱ्याला झटका बसतो. जोडणी बरोबर असली तरी बटणाच्या आत फेज असतेच, हेही विसरू नये. दाराबाहेर, पावसाच्या माऱ्यात, लहान मुलाच्या ओल्या बोटाखाली २३० व्होल्ट आणि मध्ये केवळ प्लास्टिकची टोपी, अशी ही व्यवस्था आहे. म्हणून तडा गेलेले बटण 'चालते आहे ना' म्हणून तसेच ठेवू नये, आणि बेलच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरवर तुटणाऱ्या आरसीसीबीचे, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचचे, संरक्षण असावे. उघड्यावरच्या फाटकावर तर थेट विजेचे बटण नसावेच, असे माझे स्पष्ट मत आहे, मग कोकणात तर विचारायलाच नको.

अमेरिकेत ही रीत वेगळी आहे. तिथे वीज घराघरांत येण्यापूर्वीच घटांवर चालणाऱ्या घंटा रुळल्या होत्या आणि दारापासून स्वयंपाकघरापर्यंत कमी दाबाच्या बारीक तारा गेलेल्या होत्या. पुढे घटांची जागा एका छोट्या ट्रान्सफॉर्मरने घेतली. तो १२० व्होल्टचे साधारण १६ व्होल्ट करतो. एका लोखंडी गाभ्यावर दोन कॉइली असतात, पहिलीत वेढे जास्त आणि दुसरीत सुमारे साडेसात पटींनी कमी. दाबही त्याच प्रमाणात उतरतो, आणि दोन्ही कॉइलींत तारेचा संबंध नसल्याने बटणापर्यंत घरची वीज पोहोचतच नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही पद्धत निःसंशय उजवी. तिचा तोटा असा की बटण दाबा अथवा न दाबा, ट्रान्सफॉर्मर सतत जोडलेला असतो. त्यात नुसता १ वॅट जरी वाया जात असला तरी वर्षाला जवळजवळ ९ युनिट होतात, उलट आपली बेल न वाजताना काहीच खात नाही.

न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी घरांतून दोन्ही दिशांनी बेलची ने-आण होते, म्हणून एक हिशेब सांगतो. तिकडची १६ व्होल्टची बेल इथे थेट २३० वर जोडली तर ती एकदाच वाजेल. इथली डिंगडाँग बेल तिकडे १२० व्होल्टवर जोडली तर जळणार नाही, पण ओढ दाबाच्या वर्गाप्रमाणे घटत असल्याने ती चौथा हिस्सा उरेल, आणि तिकडची वीज ६० आवर्तनांची असल्यामुळे त्याहूनही थोडी कमी. दांडा जागचा हलेल, पट्टीपर्यंत पोहोचणार नाही. तिकडच्या ट्रान्सफॉर्मरवर चालण्यासाठी बनवलेली कॅमेऱ्याची बेल इथे आणल्यास वेगळा ट्रान्सफॉर्मर बसवावा लागतो, तोही २३० व्होल्टवर चालणारा.

आपल्याकडे डिंगडाँगला मागे सारले ते म्युझिकल बेलने. पक्ष्याची किलबिल, आरतीची धून, नाहीतर 'कृपया दरवाजा खोलिये' म्हणणारी ती हिंदी बाई, हे सगळे एका चिपमधून येते, आणि चिपला लागतात जेमतेम ३ व्होल्ट. तीन पायांच्या, ट्रान्झिस्टरसारख्या दिसणाऱ्या यूएम६६ या चिपमध्ये एक अख्खी धून साठवलेली असते. २३० वरून ३ वर उतरायला स्वस्त बेलमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, कपॅसिटर असतो. कपॅसिटरच्या दोन पत्र्यांमध्ये पार जाणारी वाट नाही. पण वीज दिशा बदलत असल्याने तो प्रत्येक फेरीत भरतो आणि रिकामा होतो, आणि जेवढा भार त्याच्यात मावतो तेवढाच प्रवाह पुढे जातो. ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ज्याच्या पाठीवर ४७४ असा आकडा असतो, ५० आवर्तनांच्या विजेला सुमारे ६,८०० ओहमसारखा वागतो आणि ३४ मिलिअँपिअरपर्यंतच प्रवाह सोडतो. हेच काम साध्या रोधकाने करायचे तर जवळजवळ ८ वॅटची उष्णता त्या डबीत कोंडली असती. कपॅसिटर मात्र थंड राहतो. पुढे चार डायोड प्रवाहाला एका दिशेचा करतात, झेनर डायोड दाब बांधून ठेवतो, आणि चिप गाऊ लागते.

कपॅसिटरने दाब उतरतो, पण तारेचा संबंध तुटत नाही. ३ व्होल्टची चिप म्हणून कुणी सुरू बेलमध्ये बोट घातले तर त्याला झटका बसतो तो २३० व्होल्टचाच. हा कपॅसिटर वर्षानुवर्षे विजेचे उंच झोत सोसून थोडा थोडा झिजतो, त्याची क्षमता घटते, आणि मग पक्षी घोगरा होतो. दुरुस्तीवाला तो एकच भाग बदलून बेल पूर्ववत करतो. बटणात अंधारात दिसावा म्हणून दिवा असेल आणि तो बटणाच्या दोन टोकांवरच जोडलेला असेल, तर त्याच्यातून अगदी किंचित प्रवाह बेलमध्ये झिरपत राहतो. डिंगडाँगच्या जड दांड्याला त्याची जाणीवही होत नाही, पण म्युझिकल बेलचा साठवणुकीचा कपॅसिटर हळूहळू भरतो आणि मध्यरात्री एखादी अर्धवट चिवचिव ऐकू येते. पुष्कळ घरांत यावरून भुताखेतांपर्यंत चर्चा गेलेली आहे. तो दिवा काढला की ती थांबते.

बिनतारी बेलमध्ये बटणाचा आणि घरच्या विजेचा संबंधच उरत नाही. बटणातला छोटा सेल रेडिओलहर सोडतो, पुष्कळदा ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास, आणि सॉकेटमध्ये खोचलेला डबा ती ओळखून वाजतो. लहर भिंती ओलांडते, म्हणून तिच्याबरोबर एक सांकेतिक क्रमांक जातो. शेजाऱ्यांच्या बेलचा क्रमांक तोच निघाला तर दुधवाला त्यांच्याकडे येतो आणि दार आपण उघडतो. यातही सेल नसलेली बटणे निघाली आहेत. ती दाबली की आत चुंबक झटक्याने कॉइलजवळून सरकतो आणि कॉइलमध्ये संदेश पाठवण्यापुरती वीज तयार होते. वीज देऊन लोखंड हलवायचे याऐवजी चुंबक हलवून वीज मिळवायची, हा फॅरडे यांनी १८३१ सालीच दाखवलेला उलटा व्यवहार आहे.

अशा डब्यांतही निवडायला एक डिंगडाँग असतोच. त्यात दांडा नाही, पट्टी नाही, स्प्रिंग नाही. फक्त साठवलेला आवाज आहे. दारात उभे राहून दोघांतला फरक ओळखायचा असेल तर बटण दाबून बोट न उचलता थांबावे. डाँग आपोआप आला तर आत चिप आहे.